बाईंचा आवळा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंइतकं संशयी माणूस अख्ख्या कुंभकोणममध्ये सापडायचं नाही; आणि इथे माणसांपेक्षा देवळं जास्त, तेव्हा देवांनाही मोजूनच बोलतेय मी! आम्ही साताऱ्याहून बदली होऊन इथल्या मेलकावेरी भागात राहायला आलो, त्या दिवशी ओळख व्हावी म्हणून मी वाटीभर आमटी घेऊन वर गेले. बाई म्हणाल्या, "आधीं ह्याच वाटींत नुसतें ऊन पाणी दे गे. वाटीची रुची किती नि आमटीची किती, कळावया हवें." त्यांचे पूर्वज मराठे राजांबरोबर तंजावरकडे आले ते इथलेच झाले, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना बखर वाचल्यासारखं वाटतं, मधूनमधून तमिळ फोडणी दिलेली बखर. एकदा जवळच्या नाचियार्कोविल गावी समई घ्यायला गेलो तर बाईंनी दुकानदाराला ती आधी तेलावाचून पेटवून दाखवायला सांगितली. "अम्मा, तशी पेटली तर मी ती विकेन कशाला?" तो बिचारा म्हणाला. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि समई घेतली.

अशा ह्या बाईंचा डोळे मिटून विश्वास फक्त एका गोष्टीवर होता: आवळ्यावर. सर्दीला आवळा, परीक्षेला आवळा, माझ्या सासूबाईंचा फोन येऊन गेला की मला आवळा. आमचे हे म्हणायचे, "लोक आवळा देऊन कोहळा काढतात, ह्या नुसताच आवळा देत सुटतात!" कॉलेजात जीवरसायन शिकवता शिकवता अकरा वर्षं बाईंनी आवळ्यावरच संशोधन केलं होतं. ते त्यांनी मला भाजी निवडता निवडता समजावलं. पेशींना डिवचलं की त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. तो दिसत नाही, म्हणून त्यात एक रंग घालायचा. वायू भेटला की रंग हिरवा चमकतो. आवळ्याचा रस घातला की चमक उतरते. म्हणजे आवळा पेशींना शांत करतो! लेख छापायला मंजूर झाला होता, निवृत्तीला महिना होता, आणि बाई हवेत होत्या.

छापण्याआधीची शेवटची मोजणी तेवढी उरली होती. त्यांच्या मदतीची विद्यार्थिनी लग्नाला गेलेली, म्हणून नळ्या भरायला मला नेलं. प्रयोगशाळेत बाई तमिळमध्ये विचार करत. तिथे आवळा म्हणजे नेल्लिकाय, आणि घाईत नुसतंच 'काय'. शेवटच्या ओळीत पेशी नव्हत्याच. आपोआप वायू सोडणारं एक औषध आणि रंग, एवढंच. रंग धड आहे ना, हे पाहायला. मी विचारलं, "बाई, ह्या ओळीत काय घालू?" यंत्रात डोकं घातलेल्या बाई म्हणाल्या, "काय? घाल की!" मी आपला आवळा घातला.

त्या ओळीची चमकही उतरली. जिथे पेशीच नाहीत, तिथे आवळ्यानं शांत केलं कुणाला? बाई खुर्चीत बसल्या. आवळ्यातलं क जीवनसत्त्व वायूला रंगापर्यंत पोचण्याआधी मधेच गाठत होतं. पेशी हव्या तेवढा वायू सोडोत, रंगाला पत्ताच लागत नव्हता. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "माझी चूक झाली हो बाई, ती ओळ टाकून द्या. कुणाला कळणार आहे?" त्या म्हणाल्या, "मज कळलें ना." जगातल्या प्रत्येक वाटीचं पाणी चाखणाऱ्या बाईंनी अकरा वर्षांत आवळ्याचं तेवढं चाखलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी तीच ओळ पुन्हा पुन्हा भरली, दर वेळी तेच. मग लेख मागे घेतला.

कॉलेजात हे कुणाला सांगितलं नव्हतं. निरोपसमारंभात प्राचार्यांनी हार घातला आणि बाईंच्या थोर आवळासंशोधनाचे गोडवे गायले. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, बाई, आज गप्प बसा हो, एवढा एक दिवस. पण त्या उठल्या, हात जोडून आधी तमिळमध्ये आणि मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्या बोलिलें तें खोटें जाहलें. पेशी शांत होतात कीं नाहीं, मज ठाऊक नाहीं."  दोन-चार मुली तेवढ्या टाळ्या वाजवू लागल्या, त्याही थांबल्या.

टाऊन बसमध्ये त्या हार मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मूर्खपणा केला का गे?" मी म्हटलं, "छे हो!" आयुष्यात कुणाचा इतका अभिमान वाटला नव्हता, आणि कुणासाठी इतकं वाईटही. "अकरा वर्षें, गे," त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. आमचा थांबा आला. कंडक्टरनं दोनदा ओरडून सांगितलं, पण आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.