सरांचा हात

“सावकाश, हबीबी. वाळवंट कुठे पळून जात नाही,” असं म्हणून सर छडी खाली ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आम्ही घाईघाईत चिरडलेली सुरावट गुणगुणून दाखवायचे. आमच्या वाद्यवृंदाच्या शनिवारच्या तालमीत हे ठरलेलं.

तालीम दुबईतल्या अल कुसैस भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. आम्ही सगळे हौशी. कुणी नर्स, कुणी बँकेतला, मी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटं करणारा, सांगलीत व्हायोलिन शिकलेला. आणि समोर पोलंडमधले मोठमोठे वाद्यवृंद चालवून आलेले सर. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला. खाणकामगारांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवता वाजवता पोराला ऑपेराचं वेड लागलं. दुबईत एका वर्षासाठी आले आणि राहिलेच. का, तर म्हणे, “इथली संध्याकाळ सुरात असते.” आम्हाला एसीची घरघर तेवढी ऐकू यायची. पण ते तसं म्हणाले की आम्हीही कान देऊन बसायचो, आणि लांबून खरंच काहीतरी येतंय असं वाटायचं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांचा व्हिसा एका संगीतशाळेतल्या नोकरीवर. हात गेला की नोकरी खलास, आणि त्या वयात दुबईही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. क्लॅरिनेटवाले दाऊदभाई, रत्नागिरीचे मसाल्याचे व्यापारी, चहा पिताना मला एवढंच म्हणाले, “हाताकडे बघूच नको रे. भुवयांकडे बघ. वर गेल्या की यल्ला, सुरू.” महिन्याभरात सगळेच तसं वाजवायला लागले.

कार्यक्रमाला त्या संगीतशाळेचे मालक पहिल्या रांगेत होते. संथ भागात सरांच्या हातून छडी पडली. एकही सूर चुकला नाही. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि पुढचं सगळं नुसत्या चेहऱ्याने वाजवून घेतलं. शेवटी मालक उभे राहून म्हणाले, “व्हॉट अ स्टाइल!” सरांचा करार वाढला.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” त्या रात्री सरांनी पडद्यामागे येऊन विचारलं.

“काय, सर?” दाऊदभाई म्हणाले.

तो करार संपल्यावर सर बहिणीकडे पोलंडला गेले. नवे सर तरुण, भला माणूस. पहिल्याच तालमीत त्यांनी वाजवणं थांबवलं. “सगळे माझ्या तोंडाकडे काय बघताय? हात इथे आहे.”

“सॉरी, सर.”

मला जुन्या सरांची फार आठवण आली. नव्या सरांनी पुन्हा हात उचलला, अगदी स्थिर, आणि झोकात खाली आणला. कुणीच सुरुवात केली नाही. आम्ही सगळे त्यांच्या भुवया वर जायची वाट बघत होतो.