आर्चीला न्यायला कोण आलं होतं

इना ड्रमंडचा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात गेला. हातांना कायमचा सोड्याचा वास आणि जिभेला धार. ग्लासगोच्या त्यांच्या वस्तीत रडणाऱ्याला कुणी विचारत नाही. टोमण्याला टोमणा परत देता आला पाहिजे, नाहीतर माणूस मेल्यातच जमा. इनाने नवऱ्याच्या मयतीला पाद्र्यालासुद्धा हसवलं होतं.

तिचा धाकटा भाऊ आर्ची स्टेशनात हमाल होता, जमिनीखालच्या फलाटांवर. ते फलाट बंद झाले, आर्चीची नोकरी गेली, पण आर्ची काही गेला नाही. रोज खाली उतरून बाकावर बसायचा, पुढे पुढे तिथेच निजायला लागला. एका हिवाळ्यात गारठून मेला. निरोप मिळाल्याबरोबर इना ओल्या एप्रनसकट धावत गेली. उंदरांनी तोंड ओळखण्यासारखं ठेवलं नव्हतं. स्वतः विणलेल्या मोज्यांवरून तिने भाऊ ओळखला आणि ते पाय मांडीवर घेऊन बसून राहिली.

आता त्याच फलाटांवर तिकीट लावून लोकांना फिरवतात. शेजारची बेट्टी जाऊन आली. म्हणाली, "इना, तुझा आर्ची खाली भलताच गाजतोय गं. पण तिथला माहिती देणारा पोरगा सांगतो, प्रेत न्यायला कुत्रंसुद्धा आलं नाही."

आर्चीला दारुडा म्हणा, वेडा म्हणा, इनाची तक्रार नव्हती. हे एक वाक्य मात्र तिला झोपू देईना. ते खोडून काढायचंच म्हणून ती तिकीट काढून, डोक्यावर टोपी आणि हातात काठी घेऊन सगळ्यांबरोबर खाली उतरली.

कॅलम नावाचा तो पोरगा माहिती सांगत होता. त्याने बाकावर बॅटरी मारली. "इथे बसायचा आपला आर्ची. गाड्या बंद झाल्यात हे उंदरांना कळलं, याला नाही!" लोक हसले. "शेवटी बसल्या जागी गेला. आणि न्यायला कोण आलं? कुणीही नाही!"

"मी आले होते," इना म्हणाली. "मी बहीण त्याची."

सगळे तिच्याकडे वळले. त्याच क्षणी तिने मोज्यांचं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण कॅलमही तिच्यासारखाच ग्लासगोचा. चारचौघांत गप्प बसणं त्याला कुठून जमणार?

"अहो आजी, मग इतका उशीर? तो बिचारा अजून वाट बघतोय!"

कुणीतरी खुदकन हसलं. सगळ्यांच्या बॅटऱ्या तिच्या तोंडावर आल्या. इनाला मोज्यांचंच सांगायचं होतं, पण जन्माची सवय आड आली आणि जीभ पुढे धावली.

"काय करू बाळा, तुमच्याच गाडीने आले ना!"

भुयार हसण्याने दणाणलं. टाळ्या पडल्या, एकाने तर पाठ थोपटली. "मानलं आजी तुम्हाला!" कॅलम म्हणाला. त्या गोंगाटात "मोजे... मोजे होते त्याच्या पायात," असं ती दोनदा म्हणाली. तोवर लोक पुढच्या भुयाराकडे वळले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढे बेट्टी भाचीला घेऊन पुन्हा तिकडे गेली आणि परस्पर इनाकडे चहाला आली. "अगं, आता तुझंही नाव घेतो तो! म्हणतो, बहीण आली, पण सगळं आटोपल्यावर, आणि वर म्हणते गाडी लेट होती. काय हसतात लोक!" मग तिने आवाज खाली आणला. "पण इना, खरं सांग, इतका उशीर कशाने झाला होता गं?"

इनाने कप खाली ठेवला. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते चुरचुरीत, हसवणारं उत्तर. बेट्टी पोट धरून हसली.