हौस करून दमलेल्या आम्ही चौघी

लहान पोरांच्या घरात किस्से साठायला वेळ लागत नाही. एक निस्तरेपर्यंत दुसरा तयार! पण तेव्हा हसायला सवड कुणाला होती? हात पिठाचे, कडेवर पोर, स्टोव्हमधलं रॉकेल संपलेलं. हसू आलं ते सगळं आवरल्यावर, पुष्कळ वर्षांनी. आता सांगायला बसले, की माझ्या मुली म्हणतात, "आई, तुमची काय मजा होती गं!"

मजा? पाठ अजून दुखते माझी!

सत्तरच्या दशकातल्या या गोष्टी. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत आम्ही चौघी समोरासमोर राहत होतो. मी शाळेत शिकवायची, म्हणून लहानथोर सगळे मला 'बाई' म्हणत. रागावले की आमचे हेसुद्धा! शालनवहिनींकडं शिलाई मशीन होतं, त्यामुळं गल्लीतल्या पोरांचे सगळे कपडे त्यांच्याच पायांवर. आक्काताई आमच्यात थोरल्या. दारात दोन म्हशी, आवाज खणखणीत, आणि आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असं बोलणं. मालू सगळ्यांत धाकटी, गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेली. बोलणं अगदी कमी.

आक्काताईंचं शेंडेफळ धरलं, तर चौघींची पोरं थोड्याफार फरकानं एकाच वयाची. त्यामुळं वर्षभर कुणाचा तरी वाढदिवस, कुणाचं जावळ, कुणाचं बोरन्हाण. हौस काही संपायची नाही. आम्हीच संपायचो.

*

माझ्या थोरल्या सुमीचा तिसरा वाढदिवस होता. तेव्हा फुग्याच्या बाह्यांच्या फ्रॉकची टूम निघाली होती. सुमीनं तो हट्टच धरला. नेमकी लग्नसराई. शालनवहिनींकडं ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि त्यांचा बंडू रांगत येऊन मशीनच्या पायट्यावरच बसायचा. त्याला उचलून बाजूला ठेवायचं, चार टाके घालायचे, परत उचलायचं. अशा रीतीनं तो फ्रॉक झाला.

वाढदिवसाला सकाळी सुमीला तो घातला. एक बाही अशी फुगलेली, की बघत राहावं! दुसरी मात्र पुढून ओढलेली आणि मागून पिशवीसारखी लोंबणारी. शालनवहिनींनी वाकून बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"बाई, दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या की हो मी!"

"मग आता?"

"आता उसवायला सांगू नका. माझ्यानं व्हायचं न्हाय." त्यांचे डोळे जागरणानं लालभडक झाले होते. मग त्यांनीच मार्ग काढला, "फोटोच काढायचाय न्हवं? मग डाव्या अंगानं उभी करा की!"

आम्ही दोघी सुमीला घेऊन स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर बिचारा हातात खुळखुळा घेऊन म्हणतोय, "बेबी, हिकडं बघ, हिकडं!" आणि आम्ही दोघी ओरडतोय, "नको नको, तिकडंच बघू दे!" त्याला वाटलं असणार, बायका येड्या दिसतात.

फोटो आला. सुमी भिंतीकडं तोंड करून उभी. पुढं अल्बम बघताना प्रत्येक पाहुणा विचारायचा, "ही कुणावर रुसलीय हो?"

आमच्या सासूबाई शांतपणे सांगायच्या, "आईवर."

*

दिवाळीचा फराळ आम्ही आक्काताईंच्या स्वयंपाकघरात मिळून करायचो. त्यांचं स्वयंपाकघर मोठं, आणि काही बिघडलं तर ओरडायला त्या हक्काच्या.

एका वर्षी करंज्या होत्या. मी सकाळपासून खोबरं किसत होते. बोटं सोलली होती. मालूनं रवा भाजला, साखर दळून आणली, वेलदोडे कुटले. परातभर सारण तयार झालं. ते झाकून माजघरात ठेवलं आणि आम्ही पीठ कुटायला बसलो. पोरं माजघरात खेळत होती. आवाज नाही, भांडण नाही.

शालनवहिनी म्हणाल्या, "आज किती गुणी झालीत हो पोरं!"

मी शाळेत शिकवते. वर्ग गप्प झाला की काहीतरी शिजतंय, हे मला कळायला हवं होतं. पण त्या शांततेचं सुखच एवढं वाटत होतं, की उठून बघावंसं वाटलं नाही.

पहिली पारी लाटून सारण आणायला गेले, तर परात लख्ख! पोरं ओळीनं भिंतीला टेकून बसलेली. गाल पांढरे, डोळे जड.

परत खोबरं किसायचं त्राण एकीलाही नव्हतं. मळलेलं पीठ समोर पडलेलं. आक्काताईंनी पोळपाट पुढं ओढला. "लाटा तशाच. बाहेरनं कुणाला काय दिसतंय?"

आणि खरंच, आम्ही पोकळ करंज्या तळल्या! काय फुगल्या म्हणून सांगू!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांची बायको घरी आली. पोकळ करंज्यांचा डबा मी मागं लपवून ठेवला होता, पण गडबडीत सुमीनं नेमका तोच डबा पुढं केला. पाहुण्या बाईंनी करंजी मोडली. आतून निघाली फक्त हवा! मी जमिनीकडं बघत बसले.

त्या म्हणाल्या, "अगंबाई, किती हलक्या! तुम्ही गोड कमी घालता वाटतं?"

दूध घालायला आलेल्या आक्काताई दारातूनच म्हणाल्या, "व्हय तर! आमच्यात दिवाळीला लई गोड चालत न्हाय!"

*

एकदा मला सणकून ताप आला. आमचे हे म्हणाले, "तू पडून राहा. उप्पीट मी करतो."

मी डोळे मिटले. आतून हाक आली, "रवा कुठल्या डब्यात?" सांगितलं. "मोहरी कुठली आणि नाचणी कुठली?" सांगितलं. "पाणी आधी का रवा आधी?" तेही सांगितलं. मग म्हणे, "अगं, हे धूर का करतंय?"

शेवटी उठले. भिंतीला धरत आत गेले. करपलेली फोडणी टाकून दिली, नवी केली, उप्पीट वाफेला ठेवलं आणि परत येऊन पडले.

थोड्या वेळानं हे वाफाळलेली बशी घेऊन आले. वर कोथिंबीरसुद्धा घातलेली! कॉटवर टेकून म्हणाले, "बघ. मनात आणलं की सगळं जमतं."

*

शालनवहिनींच्या बंडूचं बोरन्हाण. पोराचे हलव्याचे दागिने विकत आणायचे, हे त्यांना पटेना. स्वतः करायचे म्हणाल्या. रोज दुपारी शेगडीसमोर बसून परातीत बोटांनी तीळ फिरवायचे, थेंबथेंब पाक घालायचा, आणि काटा कधी फुलतोय त्याची वाट बघायची. बोटांची टोकं भाजून निघाली. पण मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं झालं. इतकं सुरेख, की आम्ही हात लावायला भ्यायलो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी बंडूला काळं झबलं घातलं, दागिने चढवले, पाटावर उभं केलं. शेजारपाजारच्या पोरांनी खोली भरलेली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले, आणि बंडू नाचायला लागला! एक पाय वर, मग दुसरा पाय, मध्येच गिरकी.

"अगंबाई, कृष्णच दिसतोय!" कुणीतरी म्हणालं. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायला लागलो. जशा टाळ्या वाढल्या, तसा त्याचा नाच वाढला. मग त्यानं जो टाहो फोडला!

शालनवहिनी घाबऱ्या झाल्या. "दृष्ट लागली माझ्या पोराला!" असं म्हणत मीठमोहऱ्या आणायला धावल्या. त्या ओवाळतायत, बंडू उड्या मारतोय. आक्काताई खाली वाकल्या, आणि ओरडल्या, "अगं दृष्ट कसली! हारात तांबड्या मुंग्या हाईत की!"

उचलला आणि नळाखाली धरला. मुंग्या गेल्या, आणि सगळा हलवाही वाहून गेला. शालनवहिनींच्या हातात नुसते दोरे उरले. त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर तशाच बसून राहिल्या. आम्ही कुणीच हसलो नाही. मालूनं त्यांच्या हातातले दोरे काढून घेतले आणि चहाचा कप दिला.

बंडू आता चांगला इंजिनिअर झालाय. पण अजूनही तिळगूळ दिला, की आधी झटकून घेतो.

*

आक्काताईंच्या धाकट्या पांडूचं जावळ म्हणजे सगळ्या पेठेला जेवण! बकरं कापलेलं, अंगणात चुली मांडलेल्या, गावाकडून दोन बैलगाड्या भरून पाहुणे. तांबडा रस्सा आक्काताईंच्या हातचाच हवा, हा सगळ्यांचा आग्रह. पहाटेपासून त्या चुलीपुढं. मसाला वाटला त्यांनी, परतला त्यांनी, आणि मध्येच पांडू केस कापू देईना म्हणून त्याला मांडीवर घट्ट धरून बसल्याही त्याच.

पंगतीवर पंगत उठत होती. "वाढा की पावण्यास्नी!" असं त्यांचे मालक लांबून ओरडायचे. पातेलं खाली जाईल तसा प्रत्येक पाहुण्याचा आवाज चढायचा, "वैनी, रस्सा म्हंजे एक नंबर!"

शेवटी आम्ही बायका बसलो, तेव्हा उन्हं उतरली होती. रस्सा संपलेला. आक्काताईंनी भाकरी मोडली, खर्डा घेतला, वर कांदा फोडला. पहिला घास तोंडात जातोय, तोच त्यांचे मालक पान चघळत आले आणि कौतुकानं म्हणाले, "काय गं, आज रस्सा जरा जास्तच झणझणीत झालता, न्हाय?"

आक्काताईंनी मान वर केली नाही.

"पावण्यास्नी इचारा," त्या म्हणाल्या. "मला कुठं म्हाईत!"

*

मालूला तिसरी मुलगीच झाली.

तिच्या सासूबाई दवाखान्यात आल्या, लांबूनच बघितलं आणि गेल्या. मालू घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "आता बारशाचा घाट नको. दोघींचं झालंय की थाटात." मालूच्या नवऱ्यानं पेपर पुढं ओढला. मालूनं लंगोट धुवायला घेतले.

हे आक्काताईंना कळलं. त्या पदर खोचून थेट मालूच्या सासूबाईंपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मावशी, तिसरी म्हणून काय पोरीला बिननावाची ठेवतासा? तुम्ही काय करू नका. आम्ही करतो सगळं!"

आणि आम्ही केलं. आक्काताईंनी पाळणा आणि घुगऱ्यांचे हरभरे आणले. शालनवहिनींनी ब्लाउजांच्या उरलेल्या रेशमी तुकड्यांची कुंची शिवली, एक जास्तीचं टोपडंही शिवलं. मी पाळण्याला कागदी फुलं लावली.

मालूची अवस्था मात्र बघवत नव्हती. बाळ पोटात दुखून दिवसरात्र रडायचं. थोरल्या दोघी खोकल्यानं बेजार. दहा दिवस होताच सासूबाईंनी तिच्या हातात चूल दिली होती. बारशाच्या दिवशी पाहुण्यांचा चहाही तिनंच केला. मी म्हटलं, "मालू, बस गं जरा." ती म्हणाली, "बसलो तर झोपीन, बाई."

बायका जमल्या. रीतीप्रमाणं वरवंटा धुतला, त्याला हळदकुंकू लावलं, ते जास्तीचं टोपडं घातलं. पाळण्याखालून बाळासारखी त्याची देवघेव सुरू झाली, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!"

कोपऱ्यातून सासूबाई पुटपुटल्या, "पोरीला कसला गोविंद नि कसला गोपाळ!"

आक्काताईंनी लगेच सूर बदलला, "मग कुणी गंगा घ्या, कुणी गोदा घ्या!" सगळ्या हसल्या. हळूच, पण मालूही हसली.

आत्यानं कानात कुर्र केलं. पाठीवर धपाटे पडले. नाव ठेवलं, रेवती. तोवर रेवतीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आक्काताई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायला लागल्या. शालनवहिनी खुळखुळा वाजवत त्यांच्या मागं. बाकीच्या बायका घुगऱ्या घ्यायला उठल्या, पोरांचा दंगा सुरू झाला.

मी मालूला शोधायला लागले. ती आतल्या खोलीच्या भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर टोपडं घातलेला तो वरवंटा. त्याच्यावर तिनं पदर घेतला होता. डोळे मिटलेले. मांडी हळूहळू हलत होती, आणि तळवा त्या दगडावर पडत होता. थोप, थोप, थोप.

दारातल्या एकदोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी तिच्याजवळ बसले, खांद्यावर हात ठेवला.

"मालू, अगं, हा वरवंटा आहे. बाळ आक्काताईंकडं आहे."

तिनं डोळे उघडले. मांडीवर बघितलं. टोपडं एका बाजूला सरकलं होतं, ते नीट केलं.

"म्हाईत हाय, बाई," ती म्हणाली. "थोडा वेळ असू दे. हे रडत न्हाय."