मागच्या पायरीवरची कॉफी

आमच्या वहिनींनी दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, आणि तरी रम घातलेली कॉफी त्यांच्याइतकी चांगली अख्ख्या लातुरात कोणी करत नसेल. हे मी अभिमानानं सांगतोय की शरमेनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सोमवार कधी चुकलेला नाही, अशी बाई. आणि ही बाई दिवेलागणीच्या आधी मागच्या मोरीशेजारी उभी राहून, पदर नाकाला लावून, नवऱ्यासाठी कॉकटेल हलवायची.

वहिनी उदगीरच्या. त्यांचे वडील तुरीच्या व्यापारासाठी बिदरकडं जात-येत. तिकडून कॉफीची सवय त्यांच्या घरात आली, आणि लग्नातल्या भांड्यांबरोबर एक पितळी फिल्टर आमच्या घरात आला. वरच्या भांड्यात पूड, खालच्या भांड्यात थेंबथेंब गळणारा काढा. आमच्याकडं तोवर कॉफी म्हणजे पाहुणा आजारी असला तर करायची गोष्ट. आईनं तो फिल्टर हातात फिरवून बघितला आणि "हे काय, धुपाटणं हाय का?" म्हणून विचारलं. वहिनी फक्त हसल्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, मागच्या पायरीवर बसून त्या एक पेला कॉफी प्यायच्या. तेवढा वेळ त्यांना हाक मारायची नाही, हे कोणी न सांगता घरात ठरून गेलं. एकदा पेला विसळला की मग दिवसभर त्या सगळ्यांच्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यांना कॉफीवहिनी हे नाव मीच पाडलं.

आमच्या दादाचं गंजगोलाईत मोटारपंपाच्या सामानाचं दुकान. माणूस मनानं सोन्यासारखा, पण दुकान बंद केलं की गाडी घराकडं वळायची नाही, नांदेड रोडच्या ढाब्याकडं वळायची. "गिऱ्हाईक सांभाळावं लागतंय," असं तो म्हणायचा. गिऱ्हाइकं घरी जाऊन जेवून झोपलेली असायची, हा अजून त्यांना सांभाळतच असायचा. एकदा परत येताना मोटारसायकल घेऊन तो खडीच्या ढिगावर गेला आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. हात गळ्यात बांधून तो पलंगावर पडला होता, तेव्हा वहिनी त्याच्या उशाशी बसून म्हणाल्या, "प्यायचीच असंल तर घरात प्या. पण मी देईन तशी, अन् मी देईन तेवढीच."

दादा हसला. "तुला बूच तरी उघडता येतंय का?"

बूच उघडायला त्या शिकल्याच, आणि पुढचंही शिकल्या. नुसती रम पेल्यात ओतून नवऱ्यापुढं ठेवणं त्यांच्या जिवावर येत होतं. त्यांची मुलगी रेणुका नांदेडला विष्णुपुरीत दिलेली. तिनं मोबाइलवर कसलेकसले व्हिडिओ पाठवले. त्यात एक दाढीवाला पोरगा कॉफी, बर्फ आणि दारू चकचकीत भांड्यात घालून खुळखुळा वाजवावा तशी हलवत होता. वहिनींनी चकचकीत भांडं म्हणून ताकाचा स्टीलचा डबा घेतला, आणि बर्फ घालायचं विसरून कढत काढाच त्यात भरून हलवला. झाकण उडालं ते थेट पत्र्याला लागलं. मोरीची भिंत, वहिनींचं लुगडं आणि वाळत घातलेलं दादाचं बनियन, सगळं एका रंगाचं झालं. वहिनी म्हणाल्या, "बघा, भिंतीला बी चढली." मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिल्या. पुढं इतकं हसताना मी त्यांना बघितलं नाही.

त्यांचे नियम कडक होते. बाटली स्वयंपाकघरात यायची नाही, देव्हाऱ्याच्या वाऱ्यालाही थांबायची नाही. ती मोरीवरच्या फळीवर. डबा, पेला, चमचा सगळं वेगळं. काम झालं की हातपाय धुऊनच त्या आत यायच्या आणि देवापुढं दिवा लावायच्या. रम मापायला खोकल्याच्या औषधाचं टोपण होतं. ओतताना त्या बाटलीलाच दटावायच्या, "साकु, साकु." माहेरच्या कानडीतला हा त्यांचा एकच शब्द आमच्याकडं टिकला होता. साकु म्हणजे पुरे. भात वाढताना पाहुण्याला नको झालं तरी साकु, पोरं भांडायला लागली तरी साकु.

चव बघायची मात्र पंचाईत होती. त्या जिभेला लावणार नाहीत, आणि दादाला विचारलं तर तो आणखी घाल म्हणणार. मी तोवर पलीकडच्या गल्लीत वेगळा राहत होतो, मग मला बोलावणं यायचं. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. मी म्हणालो, "वहिनी, मी घेत नाही."

"मी तरी कुठं घेते, भावजी? एक चमचा बघा. औषध समजून."

अशा एकेका चमच्यानं मी त्या विषयातला जाणकार झालो. साखरेऐवजी गुळाचा पाक घाला, हे मी सांगितलं. जायफळ त्यांनी स्वतःच उगाळून घातलं. ज्या दिवशी गूळ, जायफळ, काढा आणि रम एकमेकांत नीट मिसळले आणि वर बोटभर फेस आला, त्या दिवशी दादानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "आयला, ढाबेवाल्याला जमायचं न्हाई असलं." त्यानंतर तो संध्याकाळी सरळ घरी यायला लागला. वहिनी जिंकल्या, असं मला वाटलं.

त्यांचा खरा बेत त्यांनी मला नंतर सांगितला. "रोज थोडी थोडी कमी करायली. काढा वाढवते, रम कमी करते. एक दिवस नुसती कॉफीच राहील बघा." असं महिनोन् महिने चालायचं. टोपण अर्ध्यावर यायचं, पावावर यायचं, आणि मग एका संध्याकाळी दादा म्हणायचा, "आज पानचट कामून लागायली?" गप्प बसला असता तर बरं, पण तो चपला घालायचा. चपला बघितल्या की वहिनी बाटली उचलायच्या. पुन्हा भरलेलं टोपण, पुन्हा पहिल्यापासून. घागरीला भोक आहे हे माहीत असूनही त्या पाणी शेंदत राहिल्या, कारण थांबल्या तर ढाबा होताच. वरून लोकांची तोंडं. माझी बायकोसुद्धा एकदा म्हणाली, "नवऱ्याला पाजणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली." वहिनींच्या कानावर ते गेलं. त्या म्हणाल्या, "खरंच हाय की ते. मीच तर पाजते."

श्रावणात मात्र घरात बाटली नसायची. दादा कितीही काही असला तरी श्रावण पाळायचा. त्या महिन्यात वहिनी रमशिवायचं कॉकटेल करायच्या, तोच गूळ, तेच जायफळ, तोच फेस. दादा मिटक्या मारत प्यायचा. दरवर्षी वहिनींचा चेहरा श्रावणात उजळायचा आणि पोळ्याला उतरायचा. परवाच्या श्रावणात त्यांनी त्याला विचारलंसुद्धा, "महिनाभर चाललं न्हवं? काही अडलं का?" दादा म्हणाला, "काईच न्हाई अडलं." पोळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा दुकानातून आला, पिशवीतून बाटली काढून मोरीच्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, "आज घाल."

मी तिथंच होतो. वहिनींनी रोजच्यासारखीच केली, फेससुद्धा आला. पेला त्याच्यापुढं ठेवला, हात धुतले, दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. हातात पेला नव्हता. "आज कॉफी नाही?" मी विचारलं. "नको वाटली," त्या म्हणाल्या. पित्त झालं असेल, असं मला वाटलं. दुपारच्या एसटीनं त्या रेणुकाकडं नांदेडला गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत.

दादा आठवडाभरात ढाब्यावर गेला. ते त्यानंच मला सांगितलं. "ग्लास भरला, तोंडाजवळ नेला. नुसता स्पिरिटचा वास. तिनं माझी जीभच बिघडवून ठिवली रे." मग त्यानं घरी करून बघितली. काढा गळेना, पाक जळला, फेस येईना. वैतागून एके दिवशी त्यानं बाटली मोरीत ओतली. पुन्हा आणली नाही. जे वहिनींना इतक्या वर्षांत घरात राहून जमलं नाही, ते त्या निघून गेल्यावर झालं. संक्रांत उलटली तरी तो संध्याकाळी फुटाणे खात दारात बसलेला दिसायचा. एके दिवशी त्यानं तो पितळी फिल्टर चिंचेनं घासून पिवळाधमक केला आणि माझ्या हातात दिला. "तिला दे. सुटली म्हणून सांग. अन् विचार, येती का."

विष्णुपुरीला गेलो तेव्हा वहिनी नातवाची दुपटी वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. "बरं केलं त्यांनी," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून म्हणाल्या. फिल्टर हातात घेतला, झाकण काढून नाकाशी नेला आणि पुन्हा लावला. मग आत जाऊन दोन कप घेऊन आल्या. दोन्हींत चहा होता.

"वहिनी, तुम्ही चहा कधीपासून?"

"त्यांची आता सुटली, माझी कवाच सुटली होती, भावजी. कितीबी घासा, कॉफी म्हणलं की मला रमचाच वास येतो. पहाटं पेला तोंडाला लावला की वाटायचं, मोरीपशीच हुबी हाय."

पायरीवरचा तो एक पेला सोडला तर आमच्या घरात त्यांचं स्वतःचं असं होतं तरी काय? तोच त्यांनी दादाच्या पेल्यात ओतला. मी तरीही विचारलं, "दादा वाट बघतोय. काय सांगू?"

"राग न्हाई म्हणावं. भांडण बी न्हाई." फिल्टर त्यांनी माझ्या पिशवीत परत ठेवला. "थकले मी. साकु."

लातूरला येऊन मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं पिशवीतून फिल्टर काढला, उघडला, आणि त्यात नाक घालून बराच वेळ हुंगत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मला तर कसलाच वास येईना रे."