मधला एक ‘त’

त्या यंत्रविक्याने माझ्या दाजींना फसवलं आणि दाजींनी मला. पहिल्या फसवणुकीचं भांडण मी त्याच्याच काउंटरवर उभी राहून केलं. दुसरीचं करायला माणूस जागेवर राहिला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बातमी आली तेव्हा मी आल्मेरे या डच गावातल्या माझ्या दुकानात कोथिंबिरीच्या पेट्या उतरवून घेत होते. अर्ध्या जुड्या पिवळ्या होत्या आणि माल आणणाऱ्याला मी त्या परत गाडीत चढवायला लावत होते. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण. म्हणाली, “सुनंदा, हे गेले.” मी म्हटलं, “मैदानावर का? आज ओलं आहे, कापू नका म्हणावं.” ती म्हणाली, “नाही गं.” त्या दोन शब्दांनी मला कळलं. जुड्या तशाच राहिल्या. त्या पिवळ्या कोथिंबिरीचे पैसे मी पुढे मुकाट्याने दिले, आणि मला ओळखणाऱ्याला त्यावरून समजेल की माझं काय झालं होतं.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान अरविंद. आयंधोवनला चिप तयार करणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभं आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर आमच्या आल्मेरेत घर घेतलं. मी नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले तेव्हा मला ना डच येत होतं ना धड इंग्रजी. सांगलीच्या बाजारात वडिलांच्या भाजीच्या गाळ्यावर वाढले, रुमालाखाली बोटं दाबून हळदीचे सौदे होताना पाहिले. तेवढीच माझी शिदोरी. इथे कढीपत्ता आणि मिरच्या सायकलवरून दारोदार विकण्यापासून सुरुवात करून मी दुकान उभं केलं. माझ्या या चढ्या आवाजाची घरात सगळ्यांना लाज वाटायची, दाजींना वाटायची नाही. ते म्हणायचे, “सुनंदा भांडते तेव्हा मी शेजारी उभा राहतो. फुकट करमणूक.” मी म्हणायचे, “तुमच्या वाटणीचंही मीच भांडते दाजी, तुम्हाला जमत नाही म्हणून.” मेहुणी-दाजींची थट्टाच ती. पण त्यात खोटं काही नव्हतं. तो माणूस हॉटेलात थंड चहा आला तर तो पिऊन ‘छान होता’ म्हणून उठायचा.

आमच्या मराठी मंडळाने गावाच्या कडेला नगरपालिकेकडून क्रिकेटसाठी एक मैदान भाड्याने घेतलं. समुद्र हटवून केलेली जमीन, चिकणमाती, दोन बाजूंना पाण्याचे चर. गवत असं वाढायचं की चेंडू हरवून जायचा. गवत कापायचं यंत्र जुन्यात घ्यायचं ठरलं आणि सौद्याला मला पुढे केलं. यंत्रविक्याच्या अंगणात एक झिरो टर्न जातीचं यंत्र उभं होतं. या यंत्राला स्टिअरिंग नसतं, मांड्यांच्या दोन बाजूंना दोन दांडे असतात. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. एक पुढे आणि एक मागे केला की यंत्र जागच्या जागी गिरकी घेतं. त्यासाठी मागच्या प्रत्येक चाकाला स्वतःचं ट्रान्समिशन असतं, तेलाच्या दाबाने चाक फिरवणारी एक बंद पेटी. मी पावसात तीनदा गाडीपर्यंत चालत गेले, तीनदा त्याने परत बोलावलं, आणि शेवटी पात्यांचा नवा जोड वर मागून घेऊन मी सौदा पक्का केला. तोवर दाजी चिखलात गुडघे टेकून यंत्राखाली बघत होते. “या पेट्यांचं तेल कुठून बदलायचं?” त्यांनी विचारलं. विक्या म्हणाला, “सीलबंद आहेत, आयुष्यभरासाठी. निक्स आन डून.” म्हणजे, काही करायचं नाही.

परतताना गाडीत मी माझ्याच सौद्यावर खूश होते. दाजी म्हणाले, “भाव झकास केलास. पण मला एक सांग, आयुष्यभर म्हणजे कुणाचं?”

ते यंत्र खरं तर बंगल्याच्या बागेसाठी केलेलं होतं, एवढ्या मैदानासाठी नाही. त्यात मंडळाच्या पोरांनी खेळपट्टीचा रोलर त्याच्या मागे बांधला. दाजी कधी नव्हे ते ओरडले, “अरे, वरातीतली घोडी आहे ती, नांगराला काय जुंपता?” पोरं हसली आणि दाजी नसतील तेव्हा रोलर ओढत राहिली. पुढे एका कडक उन्हाळ्यात, दुपारी, दाजी यंत्र चालवत असताना डावं चाक मलूल पडलं. उजवं चाललेलंच. यंत्र मैदानाच्या मधोमध गोल गोल फिरायला लागलं आणि वर दाजी हॅट सांभाळत बसलेले. आम्ही सगळे हसलो. मग कुणीच हसेना, कारण मंडळाकडे दुसरं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती आणि गवत गुडघ्याला लागलं तर नगरपालिका मैदान काढून घेणार होती.

विक्याने पेटीला हातही न लावता मान हलवली. “निक्स आन त डून.” मला वाटलं, हा पुन्हा तेच पालुपद म्हणतोय. मी त्याला माझ्या मोडक्या डचमध्ये फैलावर घेतलं, की विकताना काही करायचं नाही म्हणालास, आता बिघडलं तरी काही करायचं नाही म्हणतोस, मग तू इथे बसून करतोस तरी काय? “आयुष्यभर म्हणाला होतास की नाही?” तो शांतपणे म्हणाला, “म्हणालो होतो बाईसाहेब. आयुष्य पेटीचं. ते संपलं.” आणि वर मला कॉफी विचारली. तो कप मी त्याच्या अंगावर टाकला नाही, याचं श्रेय दाजींनी धरलेल्या माझ्या कोपराला आहे.

गाडीत बसल्यावर दाजी बराच वेळ आपल्याशीच हसत होते. मग त्यांनी मला समजावलं. विकताना तो म्हणाला ते ‘निक्स आन डून’, काही करायचं नाही, आहे तसं राहू दे. आता म्हणाला ते ‘निक्स आन त डून’, काही करण्यासारखं उरलेलं नाही. “मधल्या एका ‘त’चा फरक आहे सुनंदा. तो ‘त’ पहिल्या दिवशी सांगत नाहीत, एवढंच.” मी म्हटलं, “मग त्याचं ऐकून गप्प बसायचं?” ते म्हणाले, “छे. तो ‘त’ खरा आहे का, ते उघडून बघायचं.”

आणि त्यांनी उघडलं. माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये त्यांनी दोन्ही पेट्या खाली उतरवल्या. तेल काढायला खालून भोकच ठेवलेलं नव्हतं, म्हणून वरचं झाकण काढून त्या ताईच्या जुन्या परातीत पालथ्या घातल्या. काळं, करपट वासाचं तेल निघालं. पेटीच्या डोक्यावर गार वाऱ्यासाठी छोटा पंखा असतो आणि अंगावर उष्णता जाण्यासाठी धातूच्या पट्ट्या. पंख्याची दोन पाती तुटलेली होती आणि पट्ट्यांमध्ये वाळलेलं गवत असं बसलेलं की बोटाने निघेना. दाजी म्हणाले, “बिचारीला घाम यायलाही जागा ठेवली नाही आपण.” त्यांनी नवा पंखा घातला, नवं तेल भरलं, मागची चाकं विटांवर उचलून ठेवली आणि दोन्ही दांडे सावकाश पुढे-मागे, पुढे-मागे करत बसले, आत अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून. आतून गुडगुड आवाज यायला लागला. “ढेकर देतेय. जेवण पोचलं,” दाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी यंत्र सरळ चाललं.

त्यानंतर ते यंत्र त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. काम झालं की आधी ते गार होऊ द्यायचे. त्यावर गरम असताना पाणी मारू द्यायचे नाहीत. मग रंगाच्या जुन्या ब्रशने पट्ट्यांमधलं गवत झाडायचे. तो ब्रश सुतळीने सीटला बांधलेला असायचा. चराच्या उतारावर ते यंत्र नेत नसत, तिथलं गवत हाताने कापत. रोलर ओढायला पोरांनाच जुंपलं. पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे ते यंत्र चाललं. रविवारी सकाळी मैदानावर आलं की इस्त्री केल्यासारखे हिरवे पट्टे दिसायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ.

गेल्या वसंतात दाजींची पाठ दुखायला लागली. मी मागे लागले तेव्हा ते हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या इथल्या घरच्या डॉक्टरकडे गेले. तिथून हॉस्पिटलात, तिथून आणखी मोठ्या हॉस्पिटलात. मी दुकान बंद करून मैदानावर गेले. ते यंत्राशेजारी स्टुलावर बसून पट्ट्या झाडत होते. मी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?” ब्रश थांबला नाही. मान वर न करता ते म्हणाले, “निक्स आन डून.”

मी हसले. तेही हसले. आमचा दोघांचाच विनोद होता तो... मला वाटलं, पाठच आहे, होईल आपोआप बरी. घरी येऊन मी त्यांच्यासाठी मेथीचे लाडू केले.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी मला यंत्र शिकवायला घेतलं. मी म्हटलं, “मला कशाला? मंडळात एवढी पोरं आहेत.” म्हणाले, “पोरं रोलर बांधतील. तू बांधणाऱ्याला बांधशील.” माझ्या हाती यंत्र उड्या मारायचं. “चिडून ढकलू नकोस गं. भाव करताना कशी थांबतेस, तशी थांब.” रोज एक-दोन पट्टे मारले की ते मला उतरवायचे. तशी मी शिकले. शिकवणारा माणूस निरोप घेतोय, हे मात्र मला समजलं नाही, कारण मला समजू नये अशी व्यवस्था केलेली होती.

ते सगळं मला दिवसकार्य झाल्यावर ताईकडून कळलं. ती तांदूळ निवडत होती. इथे पिशवीतल्या तांदळात खडा नसतो, तरी निवडत होती. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगलेली होती, अशा जागी की तिथे चाकू लावायला कुणी धजेना. कधीही फुटेल, म्हणाले होते.

“डॉक्टरांचे शब्द काय होते?” मी विचारलं.

“निक्स आन त डून.”

ती तांदूळ परातीत सरकवत राहिली. मी म्हटलं, “तुला माहीत होतं.”

“मलाच सांगितलं होतं.”

“आणि मला नाही. मी कोण गं, कोथिंबीरवाली?”

“तू त्या विक्याच्या काउंटरवर उभी राहिलीस तशी हॉस्पिटलात उभी राहिली असतीस.”

“राहिलेच असते. मग?”

ताईने हात थांबवला. “हे म्हणाले, सुनंदा कुठूनतरी एखादा सर्जन पटवून आणेल. आणि तिने एवढं भांडून आणलेला, मग मला त्या टेबलावर झोपावंच लागेल. नाही म्हणायला मला जमणार नाही. त्यापेक्षा एक उन्हाळा गवत कापतो...”

मी उठून निघून आले. आठवडाभर मी ताईशी बोलले नाही. मग बोलले, कारण तिला दुसरं कोण आहे. पण पटलेलं नाही ते नाहीच.

परवा, थंडीआधीचं शेवटचं गवत कापायला मी मैदानावर गेले. पहिले दोन पट्टे ठीक आले. यंत्र तापल्यावर ते डावीकडे ओढायला लागलं. मला वाटलं, माझाच हात चुकतोय. दोन्ही दांडे अगदी बरोबरीने धरले, तरी डावीकडेच. उतरून बघितलं, चाकांत हवा सारखी होती, इंजिनचा पट्टा नीट होता. तेव्हा कळलं. डावी पेटी त्या उन्हाळ्यानंतर कधी पुरती बरी झालीच नव्हती. तापली की ती मागे पडायची, आणि दाजी उजवा दांडा केसभर मागे धरून तिच्या चालीने चालायचे. एवढे उन्हाळे ते सरळ पट्टे यंत्राचे नव्हते, त्यांच्या उजव्या मनगटाचे होते. हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मंडळाने यंत्र मोडीत काढलं असतं ना.

मग मीही उजवा दांडा केसभर मागे घेतला. पट्टे वाकडेच आले, पण चरात गेले नाहीत. गार होईपर्यंत स्टुलावर बसले आणि सुतळीने बांधलेला तो ब्रश हातात घेऊन पट्ट्या झाडल्या. ब्रशच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याची जागा झिजलेली आहे. माझा अंगठा तिथे बरोबर बसत नाही.

दाजी, त्या पेटीबद्दलही एका जाणत्या माणसाने हेच म्हटलं होतं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. तो ‘त’ खरा आहे का ते उघडून पाहिलंत, परातीत पालथी घातलीत, विटांवर चढवून ढेकर देईपर्यंत तिच्यापाशी बसलात. अधूपणासकट तिला चालती ठेवलीत. मग स्वतःबद्दल तोच शब्द आला तेव्हा लगेच मान का तुकवलीत? आणि मला सांगताना मधला ‘त’ काढून का टाकलात? मी हरले असते, तर हरले असते. सौद्यात मी पूर्वीही हरले आहे. पण मला काउंटरपर्यंत जाऊच दिलं नाहीत. ताईने तुमचं कारण सांगितलं, ते मी ऐकलं. ते कारण आहे, उत्तर नाही. उत्तर तुम्ही द्यायचं आहे. ते घेतल्याशिवाय मी आजवर कुठल्याही काउंटरवरून हललेली नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. मी इथेच बसले आहे, ब्रश हातात आहे... बोला.