सुई टोचली आणि कळलंच नाही

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाल्या, "आणि पेन जिथे लागेल तिथे बोट ठेवा."

मी डोळे मिटून डावा हात पुढे केला आणि वाट बघत बसले. बराच वेळ काहीच लागलं नाही. मला वाटलं, बाई पेन शोधतायत. डोळे उघडले तर पेनचं टोक माझ्या करंगळीखाली, तळव्यावर टेकलेलं होतं.

मग त्यांनी माझ्या कोपराच्या आतली नस चाचपली आणि पाठ बघितली. पाठीवर, मला कधी दिसलेच नव्हते असे फिकट चट्टे त्यांनी मोजले. हातावरचा धरून सात. "लेप्रसी है," त्या शांतपणे म्हणाल्या. "मराठी में क्या बोलते हैं आप लोग?"

मला शब्द माहीत होता. माझ्यासोबत आलेल्या रामकन्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, अगदी चट्ट्यांवरच. "कुष्ठरोग," मी म्हणाले.

रामकन्याबाई आमच्या मोहल्ल्यातल्या आशा कार्यकर्त्या. आठ दिवसांपूर्वी त्या ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या. मी इथे मध्य प्रदेशात, धारला, घरीच शिवणकाम करते. त्या दिवशी एका पांढऱ्या पोलक्याची तुरपाई चालली होती. बोलता बोलता त्यांनी माझं मनगट धरलं.

"जीजी, सुई लग गई और तुमको पता नी चला?"

बघते तर कापडाखाली धरलेल्या करंगळीतून रक्त येत होतं आणि पोलक्यावर रुपयाएवढा डाग पडला होता. त्यांनी माझी बाही वर सरकवली. कोपराखाली एक फिकट चट्टा होता. वर्षभर तरी असेल. मी त्यावर कधी खोबरेल तेल, कधी गजकर्णाचं मलम लावत आले होते. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून काही वाटलं नाही. म्हणूनच हे लिहितेय. तुमच्या अंगावर असा न दुखणारा, न खाजणारा चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तेलात वेळ घालवू नका.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लेप्रसी म्हणजे कातडीचा आणि नसांचा जंतुसंसर्ग. पाप नाही, शाप नाही. चट्टे पाचांहून जास्त, म्हणून औषध बारा महिने. त्याला एमडीटी म्हणतात, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. औषध सुरू झालं की माझ्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही. "तुम्ही घरी जा, स्वयंपाक करा, शिवणकाम करा," त्या म्हणाल्या. "फक्त गोळी चुकवू नका."

हे सगळं मी नीट ऐकलं. तरी घरी आल्यावर माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि मोरीजवळच्या फळीवर ठेवला.

सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती. त्या पंच्याहत्तरीच्या. घरातलं सोवळं-ओवळं आजही त्याच सांभाळतात. ते काम रामकन्याबाईंनी केलं. दुसऱ्या दिवशी आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी पाटावर बसून आपल्या हिंदीत सगळं सांगितलं.

"म्हणजे महारोग?" सासूबाई एकदम म्हणाल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझे यजमान खाली बघत बसलेले.

रामकन्याबाई म्हणाल्या, "माँजी, नाम बड़ा है, बीमारी छोटी है. गोली से जाती है. आपको भी एक गोली खानी पड़ेगी, बचाव की."

"मला? मला काय झालंय?"

"कुछ नी हुआ. होना भी नी चाहिए, इसलिए."

सासूबाईंनी ती गोळी उलटसुलट करून बघितली, घेतली आणि पाणी प्यायल्या. मग उठून मोरीकडे गेल्या. फळीवरचं ताट उचललं, बाकीच्या ताटांत घातलं आणि माझ्याकडे वळल्या. "सुनंदे, वेगळं ताट बाळंतिणीला नि पाहुण्याला. तू दोन्ही नाहीस."

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. चांगलं, मोकळं रडले.

पहिल्या डोसनंतर लघवी लाल झाली आणि मी घाबरून आरडाओरडा केला. ते औषधाच्या रंगाने होतं, हे सांगितलेलं मी विसरले होते. फोनवर रामकन्याबाई इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. हळूहळू कातडी काळवंडली, तेही औषधामुळेच. शेजारणी विचारायच्या, कुठे उन्हात फिरून आलीस? सासूबाई परस्पर उत्तर द्यायच्या, "शिवायला हात लागतात, रंग नाही लागत."

चौथ्या महिन्यात मात्र हसणं थांबलं. चट्टे लाल होऊन सुजले, कोपर ठणकू लागलं, आणि एका सकाळी करंगळी नि अनामिका सरळच होईनात. मला वाटलं, औषध उलटलं. मी गोळ्यांचं पाकीट डब्यात टाकून झाकण लावलं.

गोळ्या मोजायला आलेल्या रामकन्याबाईंनी डबा उघडला आणि ते पाकीट बघताच त्यांना कळलं. त्यांनी बोलण्यात वेळ घालवला नाही, सरळ रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाल्या, हिला रिअॅक्शन म्हणतात. मरत्या जंतूंवर शरीर चिडतं आणि नसांना सूज येते. चार दिवसांत आलात हे बरं केलंत, महिना गेला असता तर बोटं वाकडीच राहिली असती. एमडीटीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. सूज उतरवायला स्टेरॉइड सुरू केलं, त्याचा डोस हळूहळू कमी करायचा होता. "आणि दर गुरुवारी खालच्या खोलीत जायचं," त्या म्हणाल्या.

खालच्या खोलीत लक्ष्मण भिया असायचे. भिया म्हणजे इकडचं भाऊ. पूर्वी पोस्टमन होते, आता निवृत्त. पगार नाही, पद नाही, गुरुवारी आपल्या पायांनी येतात. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आत वळलेली आहेत. त्याच हातांनी त्यांनी माझ्यापुढे पाण्याची परात ठेवली.

"वीस मिनिट भिगोओ. फिर तेल. फिर कसरत."

मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना ते दिसलं. "मेरे हाथ देर से आए थे," ते म्हणाले. "तुम्हारे टाइम पे आए हैं. रोना मत, गिनती गिनो."

मग आम्ही गिनती गिनली. बोटं मांडीवर उलटी ठेवून एकेक सरळ करायचं, दहापर्यंत धरायचं, सोडायचं. खोलीत पाच-सहा जण असायचे. भिया मध्येच पोस्टातल्या गोष्टी सांगायचे. एकाच गल्लीत तीन रामेश्वर राहायचे आणि तिघांची पत्रं तिघेही वाचायचे, ही गोष्ट मी निदान चार वेळा ऐकली असेन. दर वेळी शेवट वेगळा. फिजिओथेरपिस्ट ताई ओरडायच्या, "भिया, व्यायाम!" आणि भिया म्हणायचे, "हँसना भी कसरत है, मैडम."

घरी सासूबाई परातीपाशी घड्याळ घेऊन बसायच्या. वीस मिनिटं म्हणजे वीस. एकोणीसला हात काढला तर पुन्हा आत.

या काळात शिवणकाम जवळपास बंद पडलं होतं. हाताचं कारण होतंच, पण बातमीही फुटली होती. जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहीजणी कापड परत घेऊन गेल्या. तेव्हा रामकन्याबाई गुलाबी कापड घेऊन आल्या. पुतणीच्या लग्नात घालायचं म्हणे.

"हाथ अभी कच्चा है," मी म्हणाले. "बिघडेल."

"बिगड़ेगा तो मेरा बिगड़ेगा. तुम सियो."

मी तो ब्लाउज नऊ दिवसांत शिवला. पूर्वी एका दुपारीत शिवत असे. उजवी बाही डावीपेक्षा बोटभर तोकडी झाली. मी उसवायला निघाले तर त्यांनी हिसकावूनच घेतला. लग्नात घातला, लसीकरणाच्या दिवशी घातला, बाजारातही घातला. कुणी बाहीबद्दल विचारलं की ठासून सांगायच्या, "हमारी जीजी ने सिया है. इलाज चल रहा है, तब सिया है." महिन्याभरात माझ्या दारात पुन्हा कापडं आली. एकीने तर हट्टच धरला की मलाही तशीच बाही हवी. फॅशन समजली बिचारी.

बाराव्या महिन्याचं पाकीट संपलं त्या दिवशी डॉक्टरांनी कार्डावर सही केली आणि माझ्याशी हात मिळवला. करंगळीच्या टोकाला अजून जरा कमी कळतं. ती तशीच राहील कदाचित. म्हणून तव्याजवळ सांभाळते, हात रोज बघते, रोज भिजवते. पण बोटं सरळ आहेत. लक्ष्मण भियांनी ती एकेक करून तपासली, मग पेढा मागितला. मी डबाच नेला होता.

आता मीही जाते. आशा कार्यकर्त्या जिथे बोलावतील तिथे, महिन्यातून एखादा दिवस. माझी शाळा हिंदीतली, भाषण मला येत नाही. मी फक्त झालं ते सांगते.

मागच्या महिन्यात रामकन्याबाई आणि मी धरमपुरीजवळच्या एका वस्तीत गेलो होतो. नर्मदेच्या काठी, चिंचेखाली वीसेक बायका जमल्या होत्या. मी सांगत होते, त्या ऐकत होत्या, पण चेहरे बंद. शेवटी पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "झूठ बोलती है. इसको हुआ ही नी होगा. हाथ तो दिखा."

मी हात पुढे केले. तिने ते डोळ्यांजवळ नेले, बोटं ताणून बघितली, करंगळी दाबली, नखं बघितली. मग माझे हात शेजारणीच्या हातात दिले. तिने पुढचीच्या. मी बसल्या जागेवरून सरकत सरकत पुढे जात होते आणि बायका हसायला लागल्या होत्या. कुणी हळद लागलेल्या हातांनी धरलं, कुणी मेंदीच्या, एकीच्या तळव्यांना वल्ह्याचे घट्टे होते. शेवटच्या बाईने माझे हात सोडले नाहीत. तसेच धरून ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हारी पीठ देखोगी?"

रामकन्याबाईंनी पटकन साडीचा आडोसा धरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.