हाय बाई

मी विज्ञान शिकवते. नवी स्कूटी मुद्दाम अमावस्येला घरी आणली आणि तिला बांधलेल्या लिंबाचं सरबत करून प्यायले, अशी स्टाफरूममध्ये माझी ख्याती. तेव्हा "मॅडमना भास झाला असेल" म्हणणाऱ्यांनी आधी एवढं लक्षात घ्यावं.

आमची शाळा नाशिकात, इंदिरानगरला. सेमी-इंग्लिश. माझ्या वर्गात एक राजकन्या होती... अगदी खरीखुरी. संस्थान कधीच खालसा झालंय, उरलाय तो गंगापूर रोडचा बंगला आणि नावापुढचं 'राजे'. वैदेहीराजे. बाकीची मुलं हजेरीला "येस मॅडम" म्हणून बोंबलायची. ही डावा हात वर करायची आणि हळूच "उपस्थित" म्हणायची. घरचं वळण! पाचवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यू झाला आणि पोर गेली. फार लागलं मला ते.

जूनमध्ये सहावीचा वर्ग भरला, तेव्हा वैदेहीच्या आई, आईसाहेब म्हणतात त्यांना, एका मुलीला घेऊन आल्या. घोटीला त्यांचे दूरचे भाऊबंद आहेत, भातगिरणीवाले. त्यांची पायल. दत्तक घेतलेली. वय तेच, चेहरा थोडाफार मिळता. लेक राजकन्या झाली म्हणून बापाने गावभर पेढे वाटले होते म्हणे. लेकीला विचारलं होतं कोणी?

आणि कागदोपत्री तिचं नाव ठेवलं होतं — वैदेहीराजे. गणवेश वैदेहीचा, डबा वैदेहीचा, आणि बसायला खिडकीजवळचा तोच बाक हवा.

मी हजेरी घेतली. "वैदेहीराजे..." पोर ढिम्म. मागच्या मुलीने ढोसलं तेव्हा गडबडून उठली.

"हाय बाई."

वर्ग खिदळायला लागला. "हॅलो राजकन्या! हाऊ आर यू?" मधल्या सुट्टीत मुलींनी कचऱ्याचा डबा पालथा घालून तिला त्यावर बसवलं आणि एकेकीने मुजरा केला. मी ओरडले, शिक्षा केल्या. उपयोग शून्य. मुलं देवाघरची फुलं असतात म्हणणाऱ्याने एकदा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत यावं. तिच्या शेजारी कोणी बसेना. दोघींच्या बाकाची अर्धी बाजू कायम रिकामी.

एकदा स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातली भाकरी अधाशासारखी खाताना ती म्हणाली, "बाई, माजं नाव पायल हाय. तितं पायल म्हटलं का जेवाया देत नाय."

मी आईसाहेबांना बोलावून घेतलं. "मुलगी उपाशी येते शाळेत."

"आपण काळजी करू नका. आमची वैदेही 'हाय' म्हणत नसे. हिलाही वळण लागेल."

"आईसाहेब, वैदेही गेली. ही दुसरी मुलगी आहे."

त्या गोड हसल्या. "हो. अजून आहे."

मी बालकल्याण समितीकडे तक्रार केली. चौकशीला आलेल्यांना बंगल्यावर चहा-फराळ मिळाला आणि प्रकरण मिटलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. "वैदेहीराजे..." डावा हात वर गेला. "उपस्थित." तोच आवाज, मान तशीच किंचित कललेली. मनाला समजावलं... घोकून घेतलं असेल, मारून शिकवलं असेल. पण तेवढ्यात बाकाच्या रिकाम्या बाजूने आवाज आला —

"हाय बाई."

या वेळी कोणी हसलं नाही.

मग हे रोजचंच झालं.

थंडीत पायलची खरी आई घोटीहून आली. फडक्यात तांदळाची भाकरी बांधून आणलेली. वर्गाच्या दारातूनच तिने हाक मारली, "पायल!"

मुलगी शांतपणे माझ्याकडे वळली. "मॅडम, या कोण?"

त्या बाईचा चेहरा बघवेना. आणि रिकाम्या जागेवरून... मी ऐकलंय, साऱ्या वर्गाने ऐकलंय... रडवेला आवाज आला, "आये, मी हितं हाय."

ती धावली. बाक चाचपला, खाली वाकून बघितलं, भिंत चाचपली. शेजारी बसलेल्या स्वतःच्या मुलीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "बाई, तुमी आयकलं ना? खरं सांगा!"

"हो," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

पुढच्या आठवड्यात बंगल्यावरून निरोप आला — बाक बदला, वैदेहीला शेजारी कोणी गावठी बोललेलं आवडत नाही. शाळेने नवा बाक आणला. वर्गातला आवाज बंद झाला. जुना बाक भंगारात निघाला, तेव्हा पायलची आई टेम्पो घेऊन आली आणि तो घोटीला घेऊन गेली.

आता ती रोज सकाळी मला फोन करते. "घरात माज्या हाकेला ओ देत नाय बाई. तिला हजेरीचीच सवय झालीय. तुमीच नाव घ्या." ती फोन बाकावर ठेवते आणि मी शाळेच्या जिन्यात उभी राहून म्हणते, "पायल..."

कसला आवाज आहे तो, मला माहीत नाही. माझ्या विज्ञानात त्याला उत्तर नाही, आणि तुमच्यापैकी कोणी देईल अशी आशाही नाही. कधी तो येतो, कधी येत नाही.

नाही आला, त्या दिवशी आई फोन ठेवू देत नाही. "परत घ्या बाई," म्हणते. "अजून एकदा घ्या."